तिसऱ्या ओळीचा थांबा

माझ्या मावशीला गावात कोणी नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. शाळेत ती गाण्याच्या बाई, प्रार्थनाघरात पेटीबाई, आणि आमच्या शेजारच्या शिवणकाकूंच्या तोंडी, त्या चिडल्या की, नुसती 'भोंगा'. देह एवढासा, आवाज मात्र दोन गल्ल्या ओलांडून जाणारा.

आई गेल्यावर मी तिच्याकडे वाढले आणि नोकरी लागल्यावरही तिथेच राहिले. पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत मी नळाचं पाणी तपासते. "आमची पोरगी पाण्यातली पापं शोधते," असं मावशी लोकांना सांगते, आणि लोक माझ्याकडे जरा जपूनच बघतात.

तिला स्वतःला नाद गावातल्या जुन्या गाण्यांचा. कपडे धुणाऱ्यांची, दगड फोडणाऱ्यांची, दोर वळणाऱ्यांची गाणी ती माणूस गाठून, त्याच्या ओट्यावर बसून शिकून आली. तिची पद्धत एकच होती: गाणं घ्यायचं ते कामासकट घ्यायचं. ज्या कामावर ते म्हटलं जातं ते काम हाताला येईपर्यंत गाणं आलं असं ती मानत नसे. कपड्यांच्या गाण्यापायी तिने धोपाटणं धरून तळहाताला फोड आणले. दोरवाल्यांचं गाणं तर उलट्या पावलांनी चालत म्हणायचं असतं, कारण दोर वळत माणूस मागे मागे सरकतो. मावशी दोरवाल्याच्या अंगणात डोळे मिटून, गात, मागे सरकत गेली आणि थेट हौदात पडली. पडताना ओरडली तीसुद्धा सुरात, असं दोरवाला अजून सांगतो.

शाळेतही तेच. तिच्या तासाला मुलं जोडीजोडीने ओल्या चादरी पिळत गायची. वर्गात पाणीच पाणी व्हायचं. मुख्याध्यापिका दारात येऊन म्हणायच्या, "बाई, हा गाण्याचा वर्ग आहे की न्हाणीघर?" मावशी म्हणायची, "श्वास कुठे घ्यायचा ते फळ्यावर लिहून कळत नाही, मॅडम. चादर पिळताना जिथे घ्यावा लागतो तिथेच तो आहे." हे मला फार पटायचं. कारण दाखवता येतं अशा गोष्टी मला पटतात.

संध्याकाळी मात्र ती फक्त प्रार्थनाघराची असे. तिथे एक पायपेटी आहे. कपाटाएवढी, काळपट लाकडाची, पायाखालच्या दोन फळ्या आळीपाळीने दाबून आतला भाता भरायचा आणि हातांनी पट्ट्या वाजवायच्या. मावशी अनवाणी बसायची. आधी रुमालाने पट्ट्या पुसायची आणि अगदी शेजारणीशी बोलावं तसं पुटपुटायची, "देवा, आज घसा बसलाय, सांभाळून घे." मग गावाची प्रार्थना. चारच ओळी आहेत:

दिवस सरला, कामं उरली,
उरलेलं तुझ्या दारी ठेवतो;
जे आहेत ते, जे नाहीत ते,
सगळ्यांना घरी ने.

तिसरी ओळ लांब आणि उंच सुराची. तिच्या शेवटच्या अक्षरावर सगळे जण बराच वेळ सूर धरून ठेवतात. आणि ती संपली की एकदम शांतता. पेटी बंद, माणसं बंद. चार-पाच श्वास जातील एवढा वेळ कोणी काही म्हणत नाही, आणि मग चौथी ओळ सुरू होते. या शांततेला आमच्याकडे 'थांबा' म्हणतात. दुसऱ्या कुठल्या गावात ही प्रार्थना अशी म्हणत नाहीत, आणि याचा गावाला फार अभिमान. तिथे का थांबायचं, हे मावशीने शिकवलेल्या प्रत्येक मुलाला पाठ आहे: जे नाहीत ते तेवढ्या वेळात गातात. आपण ऐकायचं.

खरं सांगायचं तर थांब्यात सगळे ऐकतच असतात असं नाही. प्रार्थनाघराचे अध्यक्ष, म्हणजे आमचे दातांचे डॉक्टर, तेवढ्यात खोकून घेतात. मुलं जागा बदलतात. माझी आई पहिल्या बाकावर बसायची आणि थांबा संपून चौथी ओळ सुरू झाली की मान हलवायची. घरी आल्यावर म्हणायची, "तू चौथी ओळ पळवतेस. मागे कुत्रं लागल्यासारखी." मावशी म्हणायची, "मग तू बस की पेटीवर, ताई." हे भांडण दोघी बहिणींनी आईच्या शेवटच्या आजारपणापर्यंत चालू ठेवलं होतं.

यंदा प्रार्थनाघराला शंभर वर्षं होत होती. डॉक्टरांनी पेटीची दुरुस्ती करायचं ठरवलं आणि बाहेरगावाहून एक कारागीर बोलावला. गृहस्थ बोलके होते. मागची फळी काढून त्यांनी आत टॉर्च मारला आणि हसायलाच लागले.

"अहो बाई, हा भाता म्हणायचा की चाळणी? आणि हे काय चिकटवलंय? छत्री?"

भात्याच्या कातड्यावर काळ्या कापडाचा एक मोठा त्रिकोण डकवलेला होता. त्यांनी तो अलगद सोडवून मावशीच्या हातात दिला. एका कडेला काडी बांधायची टाक्यांची गाठ अजून होती. मावशी तो उलटासुलटा करून बघत राहिली आणि एकदम खाली बसून हसू लागली.

"थोरल्या मास्तरांची छत्री! अगं, हीच ती!"

थोरले मास्तर म्हणजे ज्यांनी मावशीला पेटी शिकवली ते. त्यांच्या छत्रीला एक कापड कमी होतं. पावसात ते भोक बरोबर वाऱ्याच्या उलट्या बाजूला धरून तिरके तिरके चालायचे, आणि पोरं मागून तशीच तिरकी चालायची. छत्रीला काय झालं म्हणून कोणी विचारलं की म्हणायचे, "थोडी देवाला दिली." सगळ्यांना वाटायचं, मास्तर थट्टा करतात.

"खरंच दिली होती की हो," मावशी डोळे पुसत म्हणाली. हसून हसून तिला ठसका लागला होता.

नवीन कातडं चढवून झालं. कारागीर म्हणाले, "बसा बाई, वाजवून बघा." मी खिडकीशी उभी होते. मावशीने पट्ट्या पुसल्या आणि प्रार्थना सुरू केली. सूर भरीव, गोल येत होता. पहिली ओळ, दुसरी, मग तिसरीचा तो लांब सूर, आणि तो शेवटपर्यंत जराही खाली आला नाही. थांबा आला. तिने हात उचलले आणि नेहमीसारखे पाय भराभर मारले. त्याबरोबर पेटीच्या पोटातून जादा हवा फस्सकन बाहेर पडली.

"आता इतकं मारायची गरज नाही," कारागीर हात पुसत म्हणाले. "भाता भरलेलाच आहे. जुन्याला त्या लांब सुरानंतर दम उरत नसणार. थांबून भरून घ्यावा लागत असेल, नाही का?"

मावशीचे पाय हवेतच राहिले होते. तिने ते हळूच खाली ठेवले. "हो," ती म्हणाली. "भरून घ्यावा लागायचा."

चौथी ओळ तिने वाजवली नाही.

घरी आल्यावर तो काळा त्रिकोण मांडीवर घेऊन ती स्वयंपाकघरात बसली. मी चहा ठेवला. त्यावर साय धरली तरी तिने हात लावला नाही.

"मावशी, चहा."

"किती मुलांना सांगितलं असेल गं मी?"

"काय?"

"जे नाहीत ते थांब्यात गातात म्हणून." ती त्रिकोणाची कड बोटाने सरळ करत होती. "मला कोणी सांगितलं होतं? मास्तर नुसतं म्हणायचे, इथे थांब. मी विचारलं, का? तर म्हणाले, थांबशील तेव्हा कळेल. पाय मारायचे असतात हे कळलं, तेवढंच. मग शाळेत लागले त्या पहिल्या वर्षी एका मुलीने विचारलं, बाई, इथे का थांबायचं? तिची आजी नुकतीच गेली होती. माझ्या तोंडातून निघून गेलं. त्या ओळीचे शब्दही तसेच. मुलगी हसली, शहाण्यासारखी बसली. मग पुढच्या वर्गाला सांगितलं. सांगता सांगता मलाच ते खरं वाटायला लागलं."

"त्यात वाईट काय झालं?"

"देवाच्या घरात बसून थाप मारली. तीही त्याच्याच नावावर. आणखी काय वाईट व्हायचं राहिलं?"

मी तिच्यासमोर बसले. युक्तिवाद मला बऱ्यापैकी येतो असा माझा समज आहे. म्हटलं, "तूच म्हणतेस ना, गाणं कामासकट घ्यायचं? मग थांबा हेही कामच आहे. पेटी वाजवणाऱ्याचं. चादर पिळताना जिथे श्वास घ्यावा लागतो तिथेच तो असतो, तसा पेटीने इथे श्वास घेतला."

"ते वेगळं. धोपाटण्यात देव बसलाय असं मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं."

"पण मावशी..."

"तुझ्या पाण्यात काही सापडलं की तू काय करतेस? झाकून ठेवतेस?"

"नाही. कळवते."

"लोकांना वाईट वाटलं तरी?"

"तरी."

"मग झालं तर," ती म्हणाली, आणि गार चहा एका घोटात पिऊन उठली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती डॉक्टरांच्या दवाखान्यात गेली. मीही बरोबर गेले. खुर्चीत एक रोगी तोंड उघडं ठेवून आडवा होता, म्हणून डॉक्टर आमच्याशी बोलत होते आणि तो बिचारा छताकडे बघत सगळं ऐकत होता.

"शंभराव्या वर्षाच्या संध्याकाळी मी सगळ्यांना खरं काय ते सांगणार," मावशी म्हणाली. "आणि प्रार्थना सलग वाजवणार. न थांबता."

डॉक्टरांच्या हातातलं अवजार तिथेच थांबलं. "बाई, अहो बाहेरून माणसं येणार आहेत. तुमचा थांबा ऐकायलाच येणार आहेत!"

"मग न थांबलेलं ऐकतील."

"आणि लोक चिडले तर?"

"तर मी पेटीवरून उठेन. चिडण्याचा हक्कच आहे त्यांचा. ज्या तोंडाने थाप मारली ते तोंड घेऊन मी तिथे बसू कशी?"

"उठून काय करणार? दुसरं कोण आहे वाजवायला?" डॉक्टर कळवळून म्हणाले. खुर्चीतल्या रोग्याने काहीतरी आवाज काढला. संमतीचा की वेदनेचा, ते कळलं नाही.

पेटीवरून उठणं म्हणजे तिच्यासाठी काय होतं ते मला माहीत होतं. ताप असताना, आई गेली त्या आठवड्यातसुद्धा, ती संध्याकाळी तिथे बसली होती. ते स्टूल तिच्या आयुष्यातून काढलं तर उरलेल्या दिवसाचं ती काय करेल? त्या आठवड्यात रोज मी कामावरून येई तेव्हा ती घरातली कपाटं आवरत बसलेली दिसे, आणि आवरलेलं कपाट पुन्हा आवरत असे.

ती संध्याकाळ आली. प्रार्थनाघर भरलं होतं, मागे माणसं उभी होती. मी नेहमीच्या जागी, बाजूच्या बाकावर. तिथून मावशीची पाठ आणि पाय दिसतात. डॉक्टर दोन शब्द बोलले, घाबरून तिसरा बोलले नाहीत, आणि मावशी पुढे येऊन उभी राहिली. तिच्या हातात तो काळा त्रिकोण होता.

"ही थोरल्या मास्तरांची छत्री," ती म्हणाली.

जुनी माणसं हसली. तिने भात्याबद्दल सांगितलं, लांब सुराबद्दल सांगितलं, पाय मारण्याबद्दल सांगितलं. हसणं कमी होत गेलं. मग तिने त्या पहिल्या मुलीची गोष्ट सांगितली आणि म्हणाली, "ते मी माझ्या मनाचं सांगितलं होतं. जुनं नव्हतं, मास्तरांचं नव्हतं, कोणाचंच नव्हतं. भात्याला भोक होतं, म्हणून आपण थांबत होतो. मला क्षमा करा. आज आपण सलग म्हणू."

मग पहिल्या बाकावरून शिवणकाकू उठल्या. या बाई सगळ्या गावाचे कपडे शिवतात, आणि मापं घेता घेता माणसाला चार गोष्टी सुनावतातही. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "एवढी वर्षं मी तिथे गप्प बसले ती एका भोकापायी?"

"हो," मावशी म्हणाली.

"मी रोज तिथे आमच्या ह्यांना दिवसभराचं सगळं सांगते. कोणी काय शिवायला टाकलं, कोण जाड झालं. ते ऐकत नसतात तर?"

"ऐकतात की नाही, मला माहीत नाही. माहीत असल्यासारखं मी बोलले, तीच माझी चूक."

"मग ऐकत नाहीत, हे तरी तुला कुठे माहीत आहे?"

मावशी हातातल्या त्रिकोणाची कड सरळ करू लागली.

"नाही ना? मग बस जा पेटीवर. हे जिवंतपणी तरी कुठे ऐकायचे माझं? आणि आटप जरा, माझे कपडे बाहेर वाळत पडलेत."

मागून कोणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. मावशी स्टुलावर बसली. रुमालाने पट्ट्या पुसल्या. काय पुटपुटली ते मला ऐकू आलं नाही.

पहिली ओळ झाली. दुसरी झाली. तिसऱ्या ओळीचा सूर उंच गेला आणि इतका सरळ टिकला की पाहुण्यांनी माना वर केल्या. तो संपला, आणि मावशीने सांगितल्याप्रमाणे लगेच चौथी ओळ वाजवायला घेतली.

बरोबर कोणीच आलं नाही.

सगळं प्रार्थनाघर तोंड मिटून बसलं होतं. मुद्दाम नसावं; त्यांना तिथून पुढे जाता येतच नव्हतं. पेटी एकटीच चार सूर पुढे गेली, चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलेल्या माणसासारखी, आणि मग मावशीने हात उचलून मांडीवर ठेवले.

सवयीने तिचा उजवा पाय वर आला. मी तो बघत होते. तो वर आला, जरा वेळ तसाच राहिला, आणि फळीवर न दाबता परत टेकला. भाता भरलेलाच होता. करण्यासारखं काही नव्हतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की लहानपणापासून मी या थांब्यात तिची पाठ हलतानाच पाहिली होती. सगळं गाव स्वस्थ असायचं आणि ती एकटी खाली पाय मारत असायची, पुढची ओळ कशीबशी उरकण्यापुरती हवा गोळा करत. तिने गावाला शिकवलेला थांबा तिच्या वाट्याला एकदाही आला नव्हता.

आता ती पाठ हलत नव्हती.

डॉक्टर खोकले. मग तेही शांत झाले. थांबा लांबत चालला. पूर्वी तो किती वेळ चालायचा हे भाता ठरवायचा. आता ठरवायला कोणी नव्हतं. माणसं एकमेकांकडे बघू लागली. मुलं चुळबुळली आणि पुन्हा गप्प झाली. पाहुण्यांना वाटलं असेल, हे असंच असतं. शेवटी शिवणकाकूंचं दिवसभराचं सांगून संपलं असावं. त्या पहिल्या बाकावरून दबक्या आवाजात म्हणाल्या, "अगं भोंगे, झोपलीस की काय?"

मावशीने हात पट्ट्यांवर ठेवले आणि चौथी ओळ वाजवली. सावकाश, एकेक शब्द पोचवत. सगळे जण म्हणाले.

नंतर डॉक्टरांनी तिला पेटीवरून उठण्याबद्दल काही विचारलं नाही, तिनेही काढलं नाही. त्यांनी फक्त, उद्या पट्ट्या पुसायला नवा रुमाल आणू का, असं विचारलं. ती म्हणाली, "जुना चांगला आहे."

परतताना आम्ही दोघीच होतो. शिवणकाकू कपड्यांसाठी पुढे पळाल्या होत्या. मावशी हळू चालत होती, आणि हे मला नवीन होतं.

"इतका वेळ काय करत होतीस?" मी विचारलं. "लोकांना काळजी वाटायला लागली."

"तुझी आई आठवली," ती म्हणाली. "तिथे बसून कधीच आठवली नव्हती गं. वेळच मिळाला नाही. समोरच बसलीय असं वाटलं. मान हलवत होती."

"म्हणजे तेच? चौथी ओळ?"

"तेच. पळवतेस म्हणून." मावशीने पिशवीत हात घालून त्रिकोण जागेवर आहे ना, ते चाचपलं. "तर मग मी तिला सगळं नीट सांगितलं. म्हटलं, ताई, तुझं बरोबर होतं. पण मी तरी काय करणार? भात्याला भोक होतं गं."